सातव्या खुर्चीचा पहारा

या, असे जवळ या. मागं खांबाला टेकलात त्यांनीही पुढं सरका. कथा ऐकायची तर टाळाचा वारा अंगाला लागेल इतकं जवळ बसावं, असं आमचे जयराम बापू म्हणायचे. आज एक सांगतो तुम्हाला, पण आधीच सांगून ठेवतो, ती गोड नाही. काल्याच्या कीर्तनाला शेवटी दही-लाह्या हातावर पडतात. इथं हातावर काय पडतं ते तुमचं तुम्ही बघा. मधून उठू नका, एवढंच मागणं.

बापूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. महामार्गात गेलेल्या वरच्या माळाचा मोबदला आला तेव्हा त्यांनी दोन्ही मुलांना ओटीवर बसवून सांगितलं होतं, की हा पैसा घराचा नाही, पाड्यावरच्या शिकणाऱ्या पोरांचा. मुलांनी मान डोलावली. बापासमोर मान डोलवायला काय लागतं? आता बापूंच्या पश्चात त्या पैशाचं प्रतिष्ठान व्हायचं होतं. ठाण्याला धर्मादाय कचेरीत नोंदवायचं तर घटना हवी, विश्वस्त मंडळ हवं, आणि मंडळावर सात माणसं हवीत. माघातल्या सप्ताहाला सगळं घर गावात जमतंच, तेव्हाच बसून सात नावं ठरवायची, असं थोरल्या भगीरथनं ग्रुपवर टाकलं होतं.

सप्ताहाचा सहावा दिवस उजाडला. देवळामागच्या मांडवात चुलाणं धगधगत होती. सावळी दुधी चिरत बसली होती. बापूंची ही मधली लेक, डोळखांबला दिलेली. नवरा गेल्यावरही ती माहेरी परतली नाही, कारण पाड्यांवरनं शिकायला उतरलेल्या पोरी तिच्याच पडवीत राहायच्या. बापू इकडून तांदूळ आणि पुस्तकं पाठवायचे. पोरींच्या उवा, ताप, रडणं, परीक्षा हे सगळं सावळीच्या वाट्याचं.

"जगू," तिनं धाकट्या भावाला हाक मारली, "आज बैठक. बोलशील ना तू?"

जगदीश कल्याणला बँकेत. सप्ताहापुरता झब्बा घालून आला होता आणि तो त्याला मानेशी टोचत होता. "बोलीन म्हंजे काय ताई! बापूंचा शब्द हाय तो."

"काय शब्द हाय, सांग बरं."

"परीक्षा घेतेस काय गो?" तो हसला. "घेणाऱ्यातलं एक माणूस देणाऱ्यात बसलंच पाहिजे. नायतर देणाऱ्याला वाटाया लागतं, आपणच देव."

"आन् ते माणूस कोण?"

"बारकी. दुसरं कोण?"

सावळीचा विळीवरचा हात थांबला. बारकी तिच्या पडवीतली पहिली पोर. डोळखांबच्या वरच्या आदिवासी पाड्यावरची. आई-बाप वीटभट्टीवर गेले की ही सावळीमावशीकडे. आज शहापूरच्या दवाखान्यात परिचारिका होती, आणि दर सुट्टीला पाड्यावर जाऊन पोरांना शाळेच्या वाटेला लावत होती. कुठलं घर पोराला सुगीत शाळेतून काढतं, कुठल्या पोरीचं लग्न गुपचूप ठरतंय, हे तिला ठाऊक. मंडळावर अशी एक जण नसेल तर पैसा बाजारच्या रस्त्यावरच संपणार, पाड्यापर्यंत चढणार नाही. सावळीला स्वतःसाठी काही नको होतं. तिला ती एक खुर्ची हवी होती.

"दादा ऐकंल?" तिनं विचारलं.

"मी नि तू दोघं बोललो तर ऐकावंच लागंल. आणि दिपिकानं घटनेत कलमच घातलंय तसं. वकील पोरगी हाय, तिनं लिहिलं म्हंजे पक्कं."

जगदीशची बायको काजल तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ताई, दुपारचा वीणेचा पहारा दादांनी तुमचा लावलाय. तुमच्या मागून माझा. मी टायमावर येते. बैठक चारला, तोवर तुमी मोकळ्या."

"दादानं लावला? सोताहून?" सावळीला बरं वाटलं. फार बरं वाटलं. भाऊ कितीही रुक्ष झाला तरी कुठंतरी ओल असतेच, असं तिच्या मनात आलं.

वीणेचा पहारा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेलच, तरी सांगतो. सप्ताहभर देवापुढची वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. जो घेतो त्यानं बसायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. मुखात फक्त नाम. दुसरा येऊन पायाला हात लावून वीणा मागेल तेव्हाच सुटका. आमच्या गावात बायकांच्या गळ्यात वीणा आली ती बापूंमुळे. त्यासाठी त्यांनी गावाशी वाकडं घेतलं, एक सप्ताह उपाशी काढला. गावानं मानलं, पण बजावून: एक जरी चूक झाली तरी बायकांचा पहारा बंद. म्हणून सावळी वीणा धरायची ती तान्हं लेकरू धरावं तशी.

ओटीवर दिपिका लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. भगीरथची मुलगी, मुंबईहून कायदा शिकून आलेली. आजोबा गेले त्या आठवड्यात तिनं घटनेचा मसुदा लिहायला घेतला होता, आणि लिहिताना दोनदा रडली होती.

भगीरथ शेजारी टेकला. खडीच्या धंद्यातला माणूस, आवाज जड. "सातवं कलम वाच परत."

"शिष्यवृत्ती घेऊन शिकलेल्यांपैकी किमान एक व्यक्ती विश्वस्त असेल."

"काढ ते."

"पप्पा, आजोबांचं..."

"आजोबांचं नाव देतोय ना प्रतिष्ठानला? फोटो लावतोय, कमान उभारतोय. आणखी काय करू? उद्या अर्ज येतील. मुकेशशेठ म्हणतील, माझ्या माणसाच्या पोराला द्या. शेठ देणगी देतोय, त्याचं ऐकावं लागंल. तेव्हा ही बारकी मध्येच म्हणणार, त्याच्या बापाकडं जीप हाय, त्याला कशाला? म्हणणारच ती. मावशीनं वाढवलीय."

"मग म्हणू दे ना. तेच तर काम आहे तिचं."

भगीरथ हसला. लेकीवर त्याचा जीव होता, आणि ती कुठं वाकते हेही त्याला माहीत होतं. "दिपू, देणारा नि घेणारा एकाच पंगतीत बसला तर वाढणार कोण? आणि तू वकिली कुठं मांडणार? मुरबाडलाच ना? पहिल्या पानावर तुझं नाव असंल. सचिव. कोर्टाच्या आवारात कुणी विचारलं, ही कोण, तर सांगायला काहीतरी पाहिजे का नको? का आत्याची भाची म्हणून सांगणार?"

तिनं पडद्याकडं पाहिलं. हे सातवं कलम तिनं आजोबांच्याच शब्दात लिहिलं होतं, मग कायद्याच्या भाषेत आणलं होतं. "आत्याला काय सांगू?"

"आत्याला मी सांगतो. तू फक्त काढ."

तिनं बोट दाबलं. आठवं कलम सातवं झालं, नववं आठवं झालं. सगळी कलमं एकेक पायरी वर सरकली. जागा रिकामी झाली असं दिसलंसुद्धा नाही.

नैवेद्य झाला, पहिली पंगत उठली, आणि सावळीनं वीणा गळ्यात घेतली. ऊन पत्र्यावर तापत होतं. ती देवापुढं सावकाश येरझाऱ्या घालत तार छेडत होती: राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. मन शांत होतं तिचं. बारकी ड्यूटी बदलून शहापूरहून निघाली होती. मुरबाडवरून जीप पकडली असा निरोप आला होता.

आणि मग सभामंडपात सतरंज्या पडायला लागल्या.

भगीरथ सगळ्यांना आत घेऊन आला. "शेठना परत मुरबाडला जायचंय, चारपर्यंत कशाला थांबायचं? इथंच बसू, देवासमोर, बापूंच्या साक्षीनं." मुकेशशेठ बसले, शाळेचे मुख्याध्यापक बसले, कल्याणहून आलेले हिशेबतपासनीस बसले. दिपिका लॅपटॉप उघडून बसली, पण देवाकडं पाठ होईल अशी. गावातली वीस-पंचवीस माणसं भोवती टेकली.

सावळीची येरझार अडखळली. तिला आता कळलं, दादानं पहारा का लावला ते.

बारकी आली ती पायरीपाशीच थांबली. भगीरथनं तिला पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "ये गो बारके, ये! जेवलीस का? दामूबाबा, सरका जरा, आपली नर्सबाय आलीय." इतक्या मायेनं बोलला की चार म्हाताऱ्या माना कौतुकानं हलल्या.

"जेवीन मग," बारकी म्हणाली आणि खांबापाशी बसली.

नावं वाचली गेली. अध्यक्ष भगीरथ. उपाध्यक्ष मुकेशशेठ. सचिव दिपिका. खजिनदार जगदीश. सदस्य मुख्याध्यापक, सदस्य हिशेबतपासनीस. प्रत्येक नावाला टाळ्या.

जगदीशला आपल्या नावाच्या टाळ्या गोड लागल्या, हे त्याला स्वतःलाच आवडलं नाही. आता सातवं. आता बोलायचं. त्यानं घसा साफ केला. समोर ताई वीणा घेऊन उभी होती आणि सरळ त्याच्याकडं बघत होती. "दादा, सातव्या नावाबद्दल मला जरा..."

"तेच सांगतोय जगू. मंडळावर बाईमाणूस पाहिजे, बापूंची इच्छा होती." भगीरथनं मान वळवली. "सातवं नाव, काजल जगदीश."

जगदीशच्या ओठांवर बारकीचं नाव होतं. त्यावर बायकोचं नाव येऊन बसलं. आता बोलायचं म्हणजे बायकोच्या विरुद्ध बोलायचं, तेही गावासमोर. दादानं किती सहज बांधलं आपल्याला, एवढंच त्याच्या मनात आलं. आणि त्यामागून, हळूच, दुसरंही आलं: घरात दोन खुर्च्या.

काजल त्याच वेळी दारात उभी होती. अंघोळ करून, केस बांधून, वीणा घ्यायला आली होती, दिल्या शब्दाप्रमाणे. आपलं नाव ऐकून ती गोंधळली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. जगदीशनं डोळ्यांनी खुणावलं: थांब. नुसतं तेवढंच. काजल दारातून मागं सरली आणि दिसेनाशी झाली.

"दादा," बारकी उभी राहिली, "बापू म्हणायचे, घेतलेल्यांमधला एक जण पाहिजे."

"बापू पुष्कळ म्हणायचे. बापू देवमाणूस. पण सह्या माणसांना कराव्या लागतात." भगीरथ हसला. "तुला विसरू काय आमी? पहिला सत्कार तुझा. फोटोला हार तुझ्या हातून."

"आणि मनोगत पण घेऊ ताईंचं," मुकेशशेठ म्हणाले. "छान बोलतात म्हणे."

"हार तुमी घाला शेठ. कुणाला पैसे द्यायचे नि कुणाला नाय, तव्हा मला विचारा. माझं तेवढंच म्हणणं."

कुणीतरी खोकलं. दिपिका टाइप करायची थांबली. तिच्या मनात आलं, आत्ता उठावं आणि म्हणावं, की कलम होतं, मी लिहिलं होतं. ती उठली नाही. पदर नव्हता म्हणून तिनं ओढणी सारखी केली.

"गावची रीत हाय," भगीरथ म्हणाला, "तीनदा विचारतो. कुणाची हरकत असंल तर बोला. गप राहील त्याचा होकार. कुणाची हरकत?"

सावळी दाराकडं बघत होती. काजल येईना. तिच्या ओठांत फक्त नाम होतं. हरकत घ्यायचा हक्क साऱ्या मंडपात तिला सगळ्यात जास्त होता, आणि तिला एकटीलाच तोंड उघडता येत नव्हतं.

हे बारकीनं ओळखलं. पडवीत वाढलेली पोर ती; मावशीच्या तोंडाकडं बघून कळायचं तिला, भात शिजलाय का करपलाय. ती उठली, बाहेर नळावर गेली. पाय धुतले, हात कोपरापर्यंत धुतले. आणि पाणी निथळत असलेले ते हात घेऊन ती थेट देवापुढं आली, सावळीच्या पायाला हात लावला आणि दोन्ही हात पुढं केले.

"मावशी, वीणा द्या इकडं. मी धरते. तुमी बोला."

भगीरथच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलं.

म्हातारे दामूबाबा, ज्यांनी जन्मभर वीणा वाहिली, ते जाग्यावरूनच म्हणाले, "गळ्यात माळ हाय का गो तुझ्या?"

"नाय बाबा."

दामूबाबांनी नुसती मान हलवली. बोलायची गरजही नव्हती. पाड्यावरच्या बाईच्या गळ्यात आजवर वीणा गेली नव्हती, माळेसह नाही आणि माळेवाचूनही नाही. तो विचार कुणी कधी केलाच नव्हता.

आता ऐका. या क्षणासाठी तुम्हाला एवढं जवळ बोलावलं.

सावळीच्या मनात एका श्वासात किती गोष्टी आल्या! बायकांचा पहारा बंद होईल. बापूंचा उपास फुकट जाईल. गाव म्हणेल, बघा, दिली बाईच्या हातात नि झाला खेळखंडोबा. सगळी कारणं खरी होती. पण त्या कारणांच्या खाली, अगदी तळाशी, आणखी काहीतरी होतं, ज्याला ती कधी नाव देणार नव्हती. ज्या पोरीच्या उवा तिनं काढल्या, जिला आपल्या ताटातलं जेवू घातलं, तिचे ओले हात वीणेला लागणार म्हटल्यावर तिची बोटं दांडीवर आवळली. तिनं आवळली नाहीत, आवळली गेली.

आणि सावळी अर्धं पाऊल मागं सरली.

अर्धंच. मंडपात बाकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नसेल. बारकीच्या आलं. तिचे हात क्षणभर तसेच राहिले, मग हळूहळू खाली आले.

"दुसऱ्यांदा विचारतो," भगीरथचा आवाज परत जड झाला, "कुणाची हरकत?"

आपण काय केलं ते सावळीला आता कळलं, पण उशीर झाला होता. तिच्याकडं एकच गोष्ट उरली होती, नाम. तिनं तेच उचललं. तिसऱ्यांदा भगीरथनं विचारलं तेव्हा तिनं तार इतक्या जोरानं छेडली की ती तुटायच्या बेताला आली, आणि पोटातून ओरडली, "राम कृष्ण हरी! राम कृष्ण हरी!" डोळ्यांतून धारा. कुणालाही ऐकू यावं अशी हरकत होती ती.

दामूबाबांनी सवयीनं टाळ उचलले. शेजाऱ्यानं मृदंगावर थाप दिली. मंडपानं सूर धरला: राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी! माणसं डोलायला लागली. मुकेशशेठनी हात जोडले.

"ऐकलंत?" भगीरथ भरल्या आवाजात म्हणाला. "सावळीचासुद्धा होकार आला. नामाच्या गजरात ठराव मंजूर. लिही दिपू, सर्वानुमते."

दिपिकानं लिहिलं.

काजल आली ती मंडप पांगल्यावर. खाली मान घालून तिनं सावळीच्या पायाला हात लावला. "ताई, देवाशपथ, मला आधी ठाऊक नव्हतं. यांनी थांब म्हटलं म्हणून..."

सावळीनं वीणा सुनेसारख्या भावजयीच्या गळ्यात घातली आणि मग म्हणाली, "नीट धर." ती अनवाणीच बाहेर धावली. वाटेत जगदीश उभा होता. "ताई, ऐक ना, काजल मंडळावर हाय म्हंजे तूच असल्यासारखी..." ती थांबली नाही.

बारकी फाट्यावर जीपची वाट बघत होती. जेवली नव्हती.

"बारके, परत ये गो. जेवून तरी जा."

"ड्यूटी हाय संध्याकाळी."

"मी बोलीन दादाशी. ठाण्याला जाऊन हरकत घेईन. लेखी घेईन. मी सोडणार नाय."

"घ्या मावशी. घ्यायलाच पाहिजे. माझ्यासाठी नाय, वरच्या पाड्यावर आजून पोरी हायेत." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तिचं बोलणं जास्त लागलं. जीप आली, दार उघडलं. पाय आत ठेवून बारकी वळली. "दादांनी खुर्ची दिली नाय, त्याचं मला काय वाटलं नाय. ते मी घरनं धरूनच आल्ते. पर तुमी मागं झालात, मावशी."

सावळीनं तोंड उघडलं. आता वीणा नव्हती गळ्यात; बोलायला मोकळी होती.

जीप मुरबाडकडं गेली. मागं देवळात काजलचा आवाज येत होता, राम कृष्ण हरी, अगदी सुरात.

सावळीनं हरकत घेतली, हे खरं. ठाण्याच्या खेपा घातल्या, भावांशी बोलणं टाकलं, पुढच्या सप्ताहाला वीणा मागितली नाही. पण मंडळ नोंदलं गेलं. धसईच्या बाजाराला जाताना डावीकडं कमान लागते, त्याखाली संगमरवरात सात नावं आहेत. शिष्यवृत्त्या मिळतात, मुलं फोटो काढून घेतात, तेही खोटं नाही. वरच्या पाड्यावरून मात्र कुणाचा अर्ज आल्याचं अजून ऐकलं नाही; तिथं जाऊन सांगायला मंडळाला सवड झाली नसेल.

तुम्ही भाविक माणसं. कधी त्या वाटेनं गेलात तर हात जोडा, सातही नावं वाचा. बापूंच्या नावापुढं डोकं टेकवा. आणि निघण्याआधी, माझ्यासाठी म्हणून, घटकाभर थांबून बारकीला आठवा. तिची खुर्ची नका आठवू, ती तर भावांनी नेली. नळावरून कोपरापर्यंत धुऊन आलेले, देवासमोर पुढं केलेले तिचे ते दोन ओले हात आठवा. कुणी वीणा दिली नाही त्यांत. आपणही त्या मंडपात असतो तर गपच बसलो असतो.